छत्र्यांचा रांजण

४ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. गेल्या आठवड्यात चारदा केला. हात मातीत असतात हे मान्य, पण माणूस जेवायच्या वेळी तरी हात धुतो. म्हणून हे पत्र.

बाबांना जाऊन वर्ष झालं. परवा संग्रहालयातून एक बाई आल्या होत्या. मागच्या शेडमधल्या फळीवरचे ते बारा पांढरे रांजण तुला आठवत असतीलच. त्यांच्यासमोर त्या अर्धा तास उभ्या होत्या. मी पुढे केलेला चहा गार झाला. शेवटी म्हणाल्या, "हे बाराही आम्हाला कायमच्या दालनासाठी हवेत." आईला कमी ऐकू येतं. तिने विचारलं, "बारा वाजता? आज कसं जमेल, आत्ता चार वाजलेत."

अडचण एकच. बाबांच्या जुन्या भांड्यांच्या बुडाशी मासोळीचा ठसा आहे, या बारांवर नाही. कामाच्या शेवटच्या तीन वर्षांत त्यांनी ठसा मारलाच नाही. त्यामुळे त्यांच्याबरोबर काम केलेल्या कोणीतरी लिहून द्यायला हवं, की हे रांजण त्यांनी स्वतः घडवले. तू त्यांची भाची, सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होतीस. तेव्हा मी कॉलेजच्या वसतिगृहात दुसऱ्यांच्या दाढा मोजत होते. मला रांजणाचं तोंड आणि बूड यापलीकडे काही कळत नाही.

फॉर्म सोबत आहे. एक सही, एक तारीख. ३० एप्रिलच्या आत हवा. मला फार वाटतं गं, की बाबांचं नाव तिथे लागावं. लोक त्यांना विसरून गेलेत. माझे पेशंटसुद्धा विचारतात, "तुमचे वडील कुंड्या करायचे ना?"

आई बरी आहे. दाराजवळच्या रांजणात सध्या पाच छत्र्या आहेत, त्यातल्या दोन आमच्या नाहीत.

तुझी,
बुटकी


१९ फेब्रुवारी

बुटके,

पत्र मिळालं. इथे कामाची गर्दी आहे. एका नव्या हॉटेलसाठी बाराशे वाट्या करायच्या आहेत, सगळ्या एकसारख्या. सातशे झाल्या.

फॉर्म वाचला. ठसा असला काय आणि नसला काय, भांडं ते भांडंच. संग्रहालयाला आवडले असतील तर त्यांनी घ्यावेत. माझ्या सहीने रांजण बदलणार नाहीत. मी आता मोठी भांडी करत नाही, त्या कामातलं मला फारसं आठवतही नाही. दुसरं कोणी मिळालं तर बघ.

मामीला नमस्कार सांग.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

दुसरं कोण मिळणार? शेडमध्ये तुम्ही दोघं आणि एक मांजर होतं. मांजर गेलं.

तुला आठवत नाही यावर माझा विश्वास बसत नाही. मी सुट्टीत यायचे तेव्हा तुम्ही दोघं जेवतानाही रांजणांवरच बोलायचात. एकदा मी जोरात म्हटलं होतं की माझा साखरपुडा मोडलाय, तर बाबा म्हणाले होते, "कडेने की बुडातून?"

त्या बाई पुन्हा येऊन गेल्या. त्यांना सगळ्यात आवडतो तो रांजणांचा खांदा. पोट सरळ वर चढतं आणि मान सुरू व्हायच्या आधी खांदा एका बाजूला जरासा झुकतो. प्रत्येक रांजणात वेगळा. त्या म्हणाल्या, "इथे रांजणाने क्षणभर दम घेतलाय. हे मुद्दाम करता येत नाही." त्या गेल्यावर मी पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं शेजारून जातेय, कधी लक्षात आलं नाही.

सही करायला तुला नेमकी कसली अडचण आहे, तेवढं सांग.

बुटकी


८ मार्च

बुटके,

विचारलंस म्हणून सांगते. मामीला वाचून दाखवू नकोस.

मी त्यांच्याकडे आले तेव्हा बावीस वर्षांची होते. पहिली तीन वर्षं माती मळली, भट्टी भरली, लहान भांडी केली. चौथ्या वर्षी मामांचे हात थरथरायला लागले. आधी चमच्याला, मग चहाच्या कपाला. चाकावर मातीचा मोठा गोळा मध्यावर धरायला हात खांबासारखे स्थिर लागतात. ते जमेना. एक दिवस ते उठले आणि मला म्हणाले, "बस." एवढंच. त्या दिवसापासून रांजण मी ओढले. शेजारी स्टुलावर बसून ते बघायचे. झिलई त्यांची, भट्टी त्यांची, चाकावरचा हात माझा. असे तेरा रांजण झाले. घरच्यांना त्यांनी सांगितलं नाही, मलाही सांगू नको म्हणाले.

ठसा त्यांनी तेव्हापासून मारला नाही. त्यात प्रामाणिकपणा होता असं मी समजते. पण शेवटी त्या रांजणांचं प्रदर्शन झालं, तेव्हा पत्रिकेवर नाव त्यांच्या एकट्याचं होतं. मी त्यावरही काही बोलले नाही.

मी का गेले ते तुम्हाला कोणालाच माहीत नाही. तेरा रांजणांत एक असा होता, की तो चाकावरून उतरवताना मला कळलं होतं, याच्यापुढे आपल्या हातून काही होणार नाही. भट्टीतून तो निर्दोष निघाला. प्रदर्शनाला बारा गेले, तो गेला नाही. आठवड्याने मी तुमच्या घरी आले तर तो दाराशी होता आणि त्यात छत्र्या होत्या. मी त्याच संध्याकाळी सामान बांधलं.

तेव्हा फॉर्मवरचं वाक्य खरं नाही. मी सही करणार नाही.

खोटं वाटत असेल तर तपासता येतं. लहानपणी माझा उजवा गुडघा मोडला होता, म्हणून मी पायचाक डाव्या पायाने फिरवायचे. मामा उजव्या पायाने. त्यामुळे माझं चाक त्यांच्या उलट फिरायचं. भांड्याच्या आतल्या भिंतीवर बोटांच्या रेघा राहतात, त्या जिन्यासारख्या वर चढतात. मामांच्या रेघा उजवीकडे चढतात, माझ्या डावीकडे. एकदा दिसलं की विसरता येत नाही.

ताई


१३ मार्च

ताई,

पत्र मिळालं. मी आत्ता काही लिहिलं तर ते वाईट असेल. म्हणून लिहीत नाही.


२३ मार्च

ताई,

दहा दिवस मी तुझ्यावर चिडून होते. बाबा आता उत्तर देऊ शकत नाहीत तेव्हा तू बोललीस, म्हणून. मग लक्षात आलं की ते होते तेव्हा मीही त्यांना काही विचारलं नव्हतं. काल रविवार होता. दवाखाना बंद ठेवून मी शेडमध्ये गेले.

रांजणाच्या तोंडातून हात जातो, पण हात घातला की दिसत नाही, आणि दिसायला हवं तर हात घालता येत नाही. ही परिस्थिती माझ्या ओळखीची आहे. तोंड बघायचा छोटा आरसा विणायच्या लांब सुईला बांधला, कपाळावर दिवा लावला आणि बसले. आई दारातून म्हणाली, "यांनाही कीड लागली का गं?"

बाराही तपासले. बुडापासून पोट संपेपर्यंत रेघा डावीकडे चढतात. बाराही रांजणांत. तू खरं बोलतेयस. हे लिहायला मला एक तास लागला.

पण पुढे काहीतरी विचित्र आहे. खांद्यापाशी रेघा बदलतात. तिथून मानेपर्यंत त्या उजवीकडे चढतात. तेही बाराही रांजणांत. याचा अर्थ काय?

बुटकी


२९ मार्च

बुटके,

अर्थ सोपा आहे. पोटाची आतली भिंत तुला दिव्याने थेट दिसते. खांदा वरून आत वळतो, त्याची आतली बाजू थेट दिसत नाही, ती तू आरशात पाहिलीस. आरशात डावं ते उजवं दिसतं. खांद्यावरच्या रेघाही डावीकडेच चढतात. तू उलटं करायला विसरलीस, एवढंच.

तू तपासलंस, हे बरं केलंस. खरं बोलतेयस असं लिहिलंस, तेही.

खांद्याच्या झुकण्याबद्दल त्या बाईंना सांग, ते भट्टीचं काम आहे. मी सगळे खांदे सरळ ओढले होते. भट्टीतून ते झुकून आले. जास्त आंच एका बाजूने लागली की होतं तसं.

वाट्या संपल्या. एक हजार दोनशे चार. चार मोडतील म्हणून जास्त केल्या होत्या, एकही मोडली नाही.

ताई


४ एप्रिल

ताई,

सोळा वर्षं मी आरशात बघून काम करते. वरच्या दाढा मी आजवर थेट पाहिलेल्याच नाहीत. आरशातलं उलटं करून घेणं माझ्यासाठी श्वास घेण्यासारखं आहे. ते विसरत असते तर निम्म्या गावाची चुकीची दाढ गेली असती, आणि आपल्या दाराशी छत्र्या नाही, काठ्या असत्या. उलटं करूनच लिहिलं होतं मी तुला. खांद्यावरच्या रेघा उजवीकडे चढतात.

तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून पार्सल पाठवतेय. कवळीचं माप घ्यायला आम्ही एक लगदा वापरतो, तो मऊ असताना दाबायचा, घट्ट झाला की काढून घ्यायचा. पाचव्या रांजणाच्या खांद्याला आतून तो दाबला. तो छापसुद्धा उलटा येतो, म्हणून त्यात प्लास्टर ओतून पुन्हा सुलटा केला. म्हणजे आता तुझ्या हातात येईल ते रांजणाच्या आतलं जसंच्या तसं असेल. पेन्सिलीने बाण काढलाय, वर कुठे ते कळायला. फिरवून बघू नकोस, मी तुला ओळखते.

दुसरा तुकडा दाराजवळच्या रांजणाचा आहे. बारा तपासले तर तेरावा का सोडा, म्हणून छत्र्या काढून त्याचाही घेतला. त्यात खांद्यावरही रेघा डावीकडेच आहेत. खालपासून वरपर्यंत तुझ्याच. आणि त्याचा खांदा झुकलेला नाही. तुझी भट्टी याच एकावर मेहेरबान झाली होती का?

बुटकी


१४ एप्रिल

बुटके,

पार्सल पोचलं, काही तुटलं नाही. तू बांधणी चांगली करतेस.

पाचव्याचा तुकडा तीन दिवस टेबलावर होता. पहिल्या दिवशी बाणाप्रमाणे धरून पाहिला. रेघा उजवीकडे चढतात. मग डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. भांडं बघण्यापेक्षा असंच जास्त कळतं. माझ्या रेघेत अंगठा घसरत जातो. या रेघेत तो अडत होता. रेघ सलग नाही. दर बोटभर अंतरावर ती जराशी हलते, सावरते, पुन्हा हलते.

त्यांचा हात आहे तो. थरथरता.

मला आता एक आठवतं. रांजण हळू वाळावा म्हणून घरी जाताना मी त्याच्यावर ओलं कापड टाकून प्लास्टिक गुंडाळून ठेवायचे. सकाळी यायचे तेव्हा कापड मी ठेवलं होतं त्यापेक्षा ओलं असायचं. ते मी सोडायचे नाही, वाळवण्यापासून भट्टीपर्यंत पुढचं सगळं मामा बघायचे. मला वाटायचं मामी पाणी शिंपडते. मी तिला एकदा सांगणारही होते की नको शिंपडूस.

तुला लिहिलं होतं की मी मोठी भांडी करत नाही. ते खरं नाही. दर वर्षी थंडीत हॉटेलांचं काम बंद ठेवून मी तीन पांढरे रांजण करते. अठरा वर्षं. खांदा झुकावा म्हणून भट्टी एका बाजूने तापवून पाहिली, भिंत पातळ करून पाहिली, मातीत वाळू वाढवून पाहिली. खांदे झुकले. पण दम घेतल्यासारखा एकही नाही, सगळे फक्त वाकडे. चोपन्न झाले, चोपन्न फोडले. शेजारचा सुतार म्हणतो, बाई, फोडायचेच आहेत तर भाजता कशाला.

भट्टीने ते कधीच केलं नव्हतं.

मामीला काही माहीत आहे का, विचार. मीच विचारलंय असं सांगितलंस तरी चालेल.

ताई


२० एप्रिल

ताई,

विचारलं. तिच्या बऱ्या कानाशी बसून तुझी सगळी पत्रं वाचून दाखवली. वाचू नको म्हणाली होतीस तेसुद्धा. माफ कर. ती मध्ये मध्ये हसत होती, नको तिथे.

मग म्हणाली, "अगं, पाणी मी कशाला शिंपडीन? मी चाक फिरवायचे."

तू सकाळी नऊला यायचीस. बाबा सहाला उठून शेडमध्ये जायचे. कापड सोडायचे, खांदा ओल्या स्पंजने मऊ करायचे आणि रांजण पुन्हा चाकावर घ्यायचे. पायात जोर उरला नव्हता, म्हणून आई खाली बसून हाताने चाक ढकलायची. "मला म्हणायचे, हळू, हळू, तू काय पोळपाट फिरवतेयस?" खांद्यावर आतून ते फक्त दोन बोटं ठेवायचे. दोन-तीन फेरे झाले की पुरे म्हणायचे.

मी विचारलं, ताईला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "मी म्हटलं होतं की, पोरीला सांगा. तर म्हणाले, सांगितलं की ती मुद्दाम वाकवायला लागेल. आणि मुद्दाम वाकवलेलं लगेच दिसतं. तिने सरळच ओढायला हवं, नाहीतर माझा हात ठेवायचा कशावर?"

चोपन्न रांजणांचं तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "आईवर गेलीय, तुझ्या आतेवर. हट्टी."

आता छत्र्यांचं. तेही विचारलं. तो रांजण बाबांनी एका सकाळी तसाच चाकावर घेतला. स्पंज भिजवला. आई खाली बसली. पण ते "फिरव" म्हणेचनात. पाच-दहा मिनिटं नुसते बघत राहिले. आईचे गुडघे भरून आले. मग स्पंज पिळून ठेवला आणि म्हणाले, "उतरवू. याला हात लावायला जागा नाही."

प्रदर्शनाला पाठवला नाही कारण त्यात त्यांचं काही नव्हतं, आणि पत्रिकेवर नाव त्यांचं होतं. "तो तिचा आहे, ती नेईल," म्हणाले आणि घरात आणून ठेवला. छत्र्या त्यांनी नव्हत्या ठेवल्या. आईने ठेवल्या. "दाराशी होता, तोंड बरं होतं, ठेवल्या. आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी. पण तोवर ही गेली होती, मग काढून तरी काय करायचं?"

त्यांनी तुला पत्र का नाही लिहिलं, हेही विचारलं. आईने नुसती बोटं हलवून दाखवली. त्या हातांनी पत्र? आणि मला सांगून लिहून घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. तुझाही नाही, म्हणून तर तुम्ही दोघं तसे राहिलात.

फॉर्मला दहा दिवस उरलेत. त्या बाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या गोंधळल्या. दोन नावांच्या वस्तू त्यांच्या समितीला चालतील की नाही, माहीत नाही म्हणाल्या. बाराऐवजी चार-पाचच घेतील कदाचित. जाताना दाराशी थबकल्या, छत्र्या बाजूला करून आत वाकून पाहिलं. आता त्यांना तेरावा हवाय. आई म्हणते, "आणि छत्र्या काय डोक्यावर ठेवू?"

तू म्हणशील ते फॉर्मवर लिहीन. तू म्हणालीस तर एकट्या बाबांचं, तू म्हणालीस तर एकट्या तुझं. मी आता भांडणार नाही.

बुटकी


२६ एप्रिल

बुटके,

फॉर्म भरून सोबत ठेवलाय. "स्वतः घडवले" हे शब्द खोडलेत. नावाची ओळ एकच होती, खाली मी आणखी एक आखली. पहिल्या ओळीत "चाकावर: भाची", दुसऱ्या ओळीत "खांदा, झिलई आणि भट्टी: मामा". मग समासात तिसरी ओळ लिहिली, "सकाळचं चाक: मामी". तिला वाचून दाखव. समितीला चालत नसेल तर त्यांनी एकही घेऊ नये, फळी रिकामी करायची घाई नाही. चार घेतले तर चार. त्यांचं नाव तेवढ्यानेही लागेल.

तुझे दोन्ही तुकडे खिडकीत ठेवलेत. सुतार येऊन बघून गेला. त्याने विचारलं, कुणाचे दात आहेत?

या वर्षी थंडी संपली तरी मी एक रांजण केला. तुझं पार्सल आलं त्या आठवड्यात. पाय अजून डावाच चालतो. खांदा सरळ ओढला आणि सोडून दिला. भट्टी सगळीकडून सारखी तापवली. काल बाहेर काढला. बरा आहे. ठसा माझ्याकडे नव्हताच, हॉटेलं आपापले देतात. म्हणून मातीचा एक करून, भाजून ठेवला होता. तो याच्या बुडाशी मारलाय. मासोळी नाही, नुसती डावीकडे चढणारी रेघ आहे.

रांजण पेटीत भरून पाठवतेय, शुक्रवारपर्यंत पोचेल. पेटी उघडताना वरून उघड, बाजूने नाही.

दाराशी जुन्याच्या शेजारी ठेव आणि मामीला सांग, छत्र्या ज्यात ठेवाव्याशा वाटतील त्यात ठेव. तो घरात राहू दे. दुसरा त्या बाईंना द्या. कुठला दिला ते मला कळवू नका, मी मे महिन्यात येणारच आहे.

ताई